तांबडीची बाजू

आपलंच अंडं फोडून खाणाऱ्या कोंबडीला आमच्या कोकणात माफी नाही. चोचीला बलक लागलेला दिसला की तिचा निकाल लागलाच. रविवार जवळ असेल तर रविवारी, नाहीतर पाहुणे येतील तेव्हा. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींच्या तांबडीबद्दल त्यांच्या सासूबाईंनी असाच निवाडा दिला. "तिका चटक लागली हा. ती आता सुधारूची नाय. कापून टाक गो." सासूबाईंचा जन्म कोंबड्यांत गेलेला, त्यांचं बोलणं उगाच नसतं. चटक लागते हे खरंच आहे. पण चटक लागण्याआधी खुराड्यात काय घडलं हे कुणी विचारत नाही, आणि माझं भांडण तिथेच आहे.

कोंबडी टणक, धड अंडं सहसा फोडायला जात नाही. तिला आधी फुटलेलं अंडं सापडतं. पातळ कवचाचं, तडकलेलं, नाहीतर दोघींच्या धक्काबुक्कीत पायाखाली आलेलं. गांडूळ, नाकतोडा, पालीचं पिल्लू, जे हलेल आणि गिळता येईल ते खाणारा हा जीव. समोर बलक सांडला तर तो तिला अन्नच वाटणार. दोन-चार वेळा असं आयतं मिळालं की या पांढऱ्या गोळ्याच्या आत खाणं असतं हे तिला उमगतं. मग ती धडक्या अंड्यावर चोच मारू लागते, आणि शेजारणी बघून शिकतात. म्हणून शोध घ्यायचा तो पहिलं अंडं का फुटलं याचा.

बहुतेक वेळा उत्तर कवचात सापडतं. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडीच्या सगळ्या हाडांत मिळून ते असतं साधारण 20 ग्रॅम. म्हणजे अंडं दिलं त्या दिवशी तिने आपल्या सांगाड्याच्या दहाव्या भागाइतका ऐवज बाहेर काढून ठेवला. तो रोजच्या रोज भरून यायला हवा. आपण तिला काय घालतो? तांदळाची कणी, उरलासुरला भात. 100 ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम 10 मिलिग्रॅम. नाचणीचं आपण एवढं कौतुक करतो, तिच्यात तेवढ्याच वजनात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. माणसाला ते पुष्कळ झालं. अंड्यावरच्या कोंबडीची त्यात निम्मी गरजही भागत नाही.

पूर्वी हे भागत असे, कारण गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी द्यायची, मधेच खुडूक बसायची, पिल्लं फिरवायची आणि दिवसभर परसात उकरून किडे, गोगलगायी, चुनखडीचे कण मिळवायची. आता बचत गटातून, योजनेतून सुधारित जातींची पिल्लं घरोघर आली आहेत. हैदराबादच्या संशोधन केंद्रात तयार झालेली वनराज वर्षाला 100 च्या वर जाते, ग्रामप्रिया 150 च्याही पुढे. कोंबडी बदलली, तिच्यापुढची कणी मात्र आजीच्या काळातलीच राहिली. दुप्पट-तिप्पट काम करून घ्यायचं, पोटाला जुन्याच मापाने घालायचं आणि कवच पातळ झालं की तिला चटोर म्हणायचं, हा मला उघड अन्याय वाटतो.

त्यात आमचा पाऊस. मृग लागला की कोंबड्या आत जातात. आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि कॅल्शियम अंगी लागायला जे ड जीवनसत्त्व लागतं ते परसातल्या कोंबडीला मुख्यतः उन्हातून मिळतं. खुराड्यात दाटी, खाली ओल, अंडी घालायला एकच टोपली. त्या टोपलीत एक बसलेली असताना दुसरी वर चढते, आणि तिसरी खुडूक होऊन जागा सोडत नाही. उकरायला माती नाही, चोच मारायला दुसरं काही नाही. घाटावर, मराठवाड्या-विदर्भात अंडी फुटण्याचं हे एप्रिल-मेमध्ये होतं, कारण धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातलं रसायनच बदलतं आणि कवच पातळ पडतं. अंड्याचा दोन-तृतीयांश भाग पाणी आहे. उन्हाळ्यात भांडं दुपारी कोरडं पडलं तर तहानलेली कोंबडी त्या पाण्यासाठीही अंडं फोडते.

गुन्हा तिचाच आहे का, हेही आधी बघावं. धामण अंडं अख्खं गिळते, मागे काहीच ठेवत नाही. मुंगूस अंडं ओढून नेतं आणि टरफलं कुंपणाजवळ सापडतात. कावळा चोचीत धरून उडतो. कोंबडीने खाल्लं असेल तर पेंढ्याच्या काड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यावर पिवळा ओघळ वाळलेला असतो, बाकीच्या अंड्यांवर बलकाचे डाग असतात, आणि टरफल तिने बरंचसं खाल्लेलं असतं. टरफल खाल्लेलं दिसलं की मला तरी आधी तिची भूक दिसते. ज्याची कमतरता आहे तेच ती परत मिळवू बघते आहे.

उपाय समुद्राने आपल्या दारात आणून टाकलाय. तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपले उकिरड्यावर जातात. ते उकळून, उन्हात खडखडीत वाळवून, गोणपाटात घालून हातोडीने कुटायचे. पीठ करायचं नाही, कणीपासून तुरीच्या डाळीएवढे तुकडे राहू द्यायचे. अंड्याचं कवच कोंबडीच्या पोटात जवळजवळ 20 तास बनत असतं, बरंचसं रात्री, ती झोपलेली असताना. बारीक भुकटी तोवर निघून जाते. जाड तुकडे मात्र पेट्यात राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. तेही नसतील तर कॅल्शियम हाडांतून उपसलं जातं. हे तुकडे खाण्यात मिसळू नयेत, वेगळ्या करवंटीत ठेवावेत. संध्याकाळी खुराड्यात शिरण्याआधी कोंबड्या आपणहून तिकडे वळतात. ज्या अंड्यावर आहेत त्या टकटक करत भराभर उचलतात, ज्या नाहीत त्या एखादा तुकडा चाखून निघून जातात. आपलं माप त्यांना कळतं. दिवसाला 5 ग्रॅम शिंपल्यात एका कवचाएवढं कॅल्शियम असतं. सगळं अंगी लागत नाही म्हणून करवंटी रिकामी पडू द्यायची नाही. शिंपले भट्टीत भाजायचे मात्र नाहीत. त्यांचा चुना होतो आणि तो घसा भाजतो. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी खाद्याच्या दुकानात शिंपल्याची ग्रिट मागावी. घरातली अंड्याची टरफलंही चालतात, पण धुऊन, तव्यावर कोरडी करून, अंड्याचा आकार ओळखू येणार नाही इतकी चुरून. अर्धी टरफलं उकिरड्यावर फेकणं म्हणजे तिला धडा शिकवण्यासारखं आहे. भाताच्या जोडीला प्रथिनंही हवीत. धुऊन मीठ काढलेला सुका जवळा किंवा शेंगदाण्याची पेंड दिली तरी फरक पडतो.

वहिनींनी हे सगळं केलं. चार-पाच कोंबड्यांना एक या हिशेबाने फुटाभराच्या लाकडी पेट्या भिंतीला टेकवल्या, आत पेंढा भरला आणि पुढे गोणपाटाचा पडदा सोडला, कारण अंधारात कोंबडी अंडं घालून उठते, तिथे रेंगाळत नाही. खुडूक कोंबडीला वेगळ्या डालग्यात बसवलं. सकाळी दहाच्या आत एकदा आणि दुपारी एकदा अंडी उचलायला सुरुवात केली. मी सावंतवाडीच्या चितार आळीतून लाकडी अंडी करून आणली. जिथे हुबेहूब लाकडी आंबे-केळी होतात तिथे अंडं काय अवघड! ती पेट्यांत ठेवली. तांबडी त्यावर चोच मारायची, मान वाकडी करून बघायची, पुन्हा मारायची. हळूहळू बाकीच्या कोंबड्यांचं फोडणं थांबलं. तांबडीचं पुरतं थांबलं नाही, एवढं सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलं. तिच्या पेटीला मग मागच्या बाजूला दोन बोटांचा उतार दिला, वर गुळगुळीत गोणपाट ताणलं आणि मागच्या फळीखाली अंडं निसटेल एवढी फट ठेवली. अंडं घालून ती वळेपर्यंत ते फळीपलीकडच्या पेंढ्यात गेलेलं असतं. ती शोधते, मग बाहेर येऊन ओरडते. तिला कापलं नाही.

मिरचीचा उपाय मात्र कुणी करू नये. अंडं पोकळ करून त्यात तिखट भरून ठेवतात. मिरची आपल्याला झोंबते ती ज्या ग्राहकामुळे (रिसेप्टरमुळे), त्याच्या शोधासाठी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. पक्ष्यांच्या अंगातला तो ग्राहक मिरचीला दाद देत नाही, म्हणून तर पोपट हिरव्या मिरच्या खुशाल खातो. कोंबडी ते तिखट खाऊन मोकळी होते. आणि चोचीचं टोक कापण्याचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. त्या टोकात संवेदना असते. त्याने ती मातीतला दाणा ओळखते. दुखत्या चोचीने ती नीट खातही नाही, मग कवच आणखी पातळ.

मी याबद्दल इतक्या कळकळीने लिहिते आहे त्याला कारण आहे. परसातल्या कोंबड्यांचे पैसे हे गावात बाईचे पैसे असतात. भात, काजू यांचा हिशेब घरधन्याकडे. अंड्यांचे पैसे डब्यात. त्यातून वहीपेन येतं, एसटीचं तिकीट निघतं, माहेरी जाताना भाच्याला खाऊ नेता येतो. पेटीत चिकट पेंढा सापडतो तेव्हा त्या डब्यातून काहीतरी गेलेलं असतं, आणि कोंबडी कापली की उरलेलंही जातं.

म्हणून पिल्लं वाटणाऱ्यांना माझी विनंती आहे. पिल्लांच्या खोक्याबरोबर किलोभर शिंपल्याचे तुकडे द्या, आणि ते कधी घालायचे तेही घरातल्या बाईला सांगा. तलंग अंड्यावर येऊ लागली, तुरा लाल झाला, की मगच. त्याआधी वाढत्या पिल्लाला एवढं कॅल्शियम घातलं तर त्याची मूत्रपिंडं बिघडतात.