हॅम रेडिओचं स्वस्त किट : चूक सापडली, ती दुरुस्त कशी झाली?

हॅम रेडिओ म्हटलं की महागडी परदेशी यंत्रं आठवतात. हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या ‘बिटएक्स’नं हे चित्र बदललं. कॉइल गुंडाळायला खास रिंग मिळत नाही? मग नळाचा वॉशर वापरा, असा त्याचा खाक्या. ताकद जेमतेम सहा वॉट, म्हणजे घरातल्या एलईडी बल्बइतकीही नाही. तरी आयनोस्फिअरची साथ असेल तर आवाज हजारो किलोमीटर जातो.

खरी कसोटी लागली ती पुढच्या ‘मायक्रोबिटएक्स’ची. अनेक बँडवर चालणारं हे किट साधारण १० वॉटचं. २०१८ मध्ये काही हौशींनी त्याचा सिग्नल मोजला, तर नको त्या फ्रिक्वेन्सीही बाहेर पडत होत्या. ७ मेगाहर्ट्झवर बोलताना १४ आणि २१ वरही सिग्नल उमटणं, याला हार्मोनिक म्हणतात. ते अडवणारे फिल्टर बोर्डवर होतेच. पण बँड बदलणाऱ्या रिलेंच्या मांडणीमुळे सिग्नल त्यांना वळसा घालून निसटत होता.

सर्किट सर्वांसाठी खुलं होतं. त्यामुळे कुणी तांब्याचे ट्रॅक कापले, कुणी रिले बदलले, आणि नंतरच्या बोर्डात मांडणीच सुधारली गेली. बंद डब्यातल्या यंत्रात हे इतक्या लवकर घडणं कठीणच.

मात्र घरी केलेला बदल सिग्नल बिघडवूही शकतो. भारतात पाच वॉटच्या प्रक्षेपणालाही केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि सिग्नल स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची असते. म्हणून जाणकार अँटेना जोडण्याआधी डमी लोडवर मोजून घेतात.