पोहा न पोहा, पैसे मोजा

लास व्हेगासच्या बहुतेक मोठ्या हॉटेलांत खोलीच्या भाड्याला ‘रिसॉर्ट फी’ नावाचे शेपूट असते. रात्रीमागे ५० डॉलरच्या आसपास! कशाचे? तर पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, वायफाय आणि गावातल्या गावात फोन. आता माझा पाण्याशी संबंध आंघोळीच्या बादलीपुरता. आणि व्हेगासात मी फोन करू कुणाला? पण नको म्हणायची सोय नाही. अहो, जे टाळता येत नाही ते भाडेच की! खानावळवाल्याने थाळीचा भाव सांगावा आणि उठताना पाटाचे भाडे वेगळे मागावे, तसाच हा प्रकार.

माझे भांडण पैशांशी नाही, लपवाछपवीशी आहे. सरळ भाव सांगणारा महागडा दिसतो आणि लबाडाच्या खोल्या भरतात. २०१२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २२ हॉटेलचालकांना तंबी दिली; तरी सारे ढिम्म! अखेर १२ मे २०२५ पासून नियम लागू झाला: सरकारी कर सोडून सगळा आकडा आधीच दाखवा. फी घेऊच नका, असे मात्र नाही. म्हणजे खिसा कापायचा तो कापणारच, फक्त आधी खाकरून. चालेल बुवा! निदान खिशावर हात तरी ठेवता येईल.