चुलीमागची डबी

दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन पाळला जातो. त्यानिमित्त गावोगावी चित्रकला स्पर्धा होतात, प्रभातफेऱ्या निघतात. या स्पर्धांतील चित्रे पाहिली तर बहुतेकांत एकच वस्तू दिसते, ती म्हणजे सिगारेट. कुठे तिच्या धुरातून कवटी उठलेली असते, कुठे ती मधोमध मोडलेली असते. चित्रे काढणारी मुले शाळकरी, त्यांना दोष कसा द्यावा? मोठ्यांनी जे दाखविले, तेच ती रेखाटतात. पण हीच मुले बक्षीस घेऊन घरी परततात तेव्हा ओसरीवर आजोबांच्या तळहातावर चुना-तंबाखू मळली जात असते, वडिलांच्या खिशात माव्याची पुडी असते आणि आत आजी तव्यावर मशेरी भाजत असते. यातील काहीही त्या चित्रात उमटत नाही. महाराष्ट्राच्या तंबाखूविरोधी प्रबोधनाने गेली कित्येक वर्षे पाठ फिरविली आहे ती नेमकी याच घराकडे.

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण भारतात दोनदा झाले, २००९-१० मध्ये आणि २०१६-१७ मध्ये. वयाची पंधरा वर्षे पूर्ण केलेल्या स्त्री-पुरुषांची त्यात नमुना पाहणी होते. दुसऱ्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. धूरविरहित तंबाखू, म्हणजे खाण्याची, चघळण्याची, दातांना लावण्याची तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के! तंबाखूच्या आहारी गेलेल्या दर दहा मराठी माणसांपैकी नऊ जण धूर न काढताच तिच्या आहारी गेले आहेत. धूम्रपानाचे देशातील प्रमाण १०.७ टक्के असताना महाराष्ट्राचे त्याच्या जेमतेम एक तृतीयांश भरते, आणि या आकड्यावर समाधान मानणाऱ्यांची शासनात व समाजात उणीव नाही. धूर दिसत नाही म्हणून आग नाही, असे समजण्यासारखेच हे आहे.

देशाचे चित्र अर्थात सर्वत्र सारखे नाही. हिमाचल प्रदेशात धूरविरहित तंबाखूचे प्रमाण ३.१ टक्के, तर त्रिपुरात ४८.५ टक्के. ग्रामीण भारतात ते २४.६ टक्के आणि शहरी भारतात १५.२ टक्के आहे. उत्तरेकडे खैनी, ओरिसा-छत्तीसगडकडे गुडाखू, गुजरातेत बजर, विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा आणि मशेरी अशी प्रांतागणिक नावे बदलतात, जिन्नस एकच. जेथे धूर काढला जातो तेथेही सिगारेट अग्रस्थानी नाही. देशात सिगारेट ओढणारे ४ टक्के आहेत आणि विडी ओढणारे ७.७ टक्के. सोलापूर आणि सिन्नर येथील हजारो स्त्रियांनी घरी बसून वळलेली ही विडी कष्टकऱ्याच्या कानामागे असते. पण चित्रपटगृहात आरंभी दाखविल्या जाणाऱ्या इशाऱ्यात तिचे स्थान दुय्यमच.

या सर्व गटांत एक गट असा आहे की जो मोजला जातो, परंतु दिसत नाही. तो स्त्रियांचा. महाराष्ट्रात २०१६-१७ मध्ये ३१.७ टक्के पुरुष आणि १६.६ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरीत होत्या. देशातील स्त्रियांचे प्रमाण १२.८ टक्के, म्हणजे प्रगत म्हणविणाऱ्या, स्त्रीशिक्षणाचा पाया घालणाऱ्या महाराष्ट्राचे त्याहून अधिक. सहांपैकी एक स्त्री! पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १०.९ टक्के आणि पुरुषांचे ३३.८ टक्के नोंदले गेले. दोन्ही पाहण्यांची पद्धत भिन्न असल्याने आकडे शेजारी ठेवून उतार-चढाव सांगणे योग्य नव्हे. शिवाय मशेरीच्या बाबतीत घरातील माणसे ‘तंबाखू आहे का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, हाही अनुभवाचा भाग आहे.

ती खोटे बोलत नाहीत. मराठी भाषेनेच ही सोय करून ठेवली आहे. पुरुष तंबाखू ‘खातो’, विडी ‘ओढतो’. स्त्री मशेरी ‘लावते’. कुंकू लावावे, काजळ लावावे, तशी मशेरी लावावी. एका क्रियापदाने व्यसनाचे रूपांतर नित्यकर्मात झाले. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर बोटाने दातांना नि हिरड्यांना चोळायची, हा सारा विधी स्वयंपाकघरात, सासू-सुनांच्या देखत चालतो. सिगारेट हाती धरणाऱ्या तरुणीकडे सारा गाव वळून पाहील, मशेरीच्या डबीकडे कोणी पाहतही नाही. आरंभ बहुधा दातदुखीने होतो. पोट साफ होते असे शेजारीण सांगते. पुढे खुरपणीला जाताना, दुपारी भुकेची वेळ टाळताना, रात्री अंग टेकण्यापूर्वी बोट डबीत जातेच. दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लावणाऱ्या बाईला दात घासण्याची इतकी आवड कशी, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. धाकटी मुलगी आईचे पाहून बोट बुडविते तेव्हा तिला कोणी रागावतही नाही.

याचे मोल कोण देते? प्रथम तीच बाई. धूरविरहित तंबाखू मानवात कर्करोग निर्माण करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे, आणि जगातील मुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात आढळतात. परंतु मोल देणारी ती एकटी नसते. मुंबईतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची अर्भके इतर मातांच्या अर्भकांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची भरली. मुळात रक्तक्षयाने खंगलेल्या मातेच्या पोटी येणाऱ्या बाळासाठी शंभर ग्रॅम ही किरकोळ गोष्ट नव्हे. कुपोषणावर शासनाने समित्या नेमल्या, अहवाल घेतले, अंगणवाडीत वजनकाटे दिले. त्या काट्यावर कमी भरलेले शंभर ग्रॅम चुलीमागच्या डबीत गेले असतील, अशी शंका किती अहवालांना आली?

येथे परंपरेचा दाखला पुढे करणारेही भेटतात. पानविडा ही तर आपलीच संस्कृती, मग तंबाखूला नावे का ठेवायची, असा त्यांचा युक्तिवाद. तो अज्ञानाचा आहे. देवापुढे ठेवल्या जाणाऱ्या विड्यात पान असते, सुपारी असते, तंबाखू नसते. ही वनस्पती मुळी या भूमीतील नव्हेच. पोर्तुगिजांबरोबर ती आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या दरबारात रुळली. तेथूनच असद बेग या सरदाराने ती अकबरापुढे नेली. त्याने स्वतःच तसे लिहून ठेवले आहे. (सुपारीबद्दलही आज निःशंक राहता येत नाही. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचे संशोधकांनी मान्य केले आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे सत्यही झाकू नये.)

अकबराच्या पुत्राने, जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. बंदी विरली, तंबाखू राहिली. चार शतकांनंतरच्या बंद्यांची कथा याहून फारशी निराळी नाही. महाराष्ट्राने २००२ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली गुटखाबंदी केली. राज्याच्या अधिकाऱ्यास तो अधिकारच नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००४ मध्ये ती मोडीत काढली. पुढे अन्न सुरक्षा कायद्याच्या २०११ च्या नियमांनी अन्नपदार्थात तंबाखू व निकोटीन मिसळण्यास मनाई केली. त्या आधाराने जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी आणली आणि नंतर सुगंधित तंबाखूलाही तिच्या कक्षेत घेतले. हे आदेश वर्षागणिक नव्याने काढले जातात. बंदी आवश्यक होती यात शंका नाही. पण उत्पादकांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकायला आरंभ केला, आणि दोन पुड्या एकत्र करण्याचे काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर सोपविले! सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये या जुळ्या पुड्यांचीही दखल घ्यावी लागली. परराज्यातून येणारा माल महामार्गावर पकडला जातो, त्याची छायाचित्रे छापून येतात, आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर मागणाऱ्याला पुडी मिळतेच. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्राने १९९२ मध्येच बंदी केली आहे. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला मात्र यातील एकही आदेश स्पर्श करीत नाही, आणि करणारही कसा? अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक कोणाच्या स्वयंपाकघरात शिरणार?

पुरुषांच्या बाबतीत अज्ञानाची सबब तर उरलेलीच नाही. महाराष्ट्राचे लोकप्रिय गृहमंत्री आर. आर. पाटील २०१५ मध्ये मुखाच्या कर्करोगाने ऐन उमेदीत गेले. शरद पवारांनी आपल्या आजाराची आणि त्यामागील सवयीची कथा जाहीर सभांतून अनेकदा सांगितली आहे. सर्वेक्षणही तेच सांगते. ९५.६ टक्के प्रौढांना धूरविरहित तंबाखूने गंभीर आजार होतात हे ठाऊक होते. इतके ठाऊक असूनही देशात सुमारे वीस कोटी लोक ती वापरीत होते. तेव्हा आणखी फलक लावून, आणखी घोषणा देऊन हाती काय लागणार?

याच सर्वेक्षणातील एक आकडा फारसा चर्चेत येत नाही. डॉक्टरकडे वा आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांना ‘सोडा’ असा सल्ला मिळाला होता. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी तो मिळाला ३१.७ टक्क्यांना. दहांपैकी सात जणांना त्यांच्या वैद्याने साधे टोकलेही नाही. ‘दारू? सिगारेट?’ असे विचारून लेखणी पुढे सरकते. ‘मशेरी लावता का?’ हा प्रश्न तपासणीच्या खोलीत उच्चारला जातो कुठे?

वास्तविक, सांगितले तर ऐकले जाते, याचा पुरावा स्त्रियांनीच दिला आहे. दोन सर्वेक्षणांमधील सात वर्षांत देशातील पुरुषांमधील धूरविरहित तंबाखूचे प्रमाण ३२.९ वरून २९.६ टक्क्यांवर आले, घट एक दशांश. स्त्रियांमध्ये ते १८.४ वरून १२.८ टक्क्यांवर उतरले, घट जवळजवळ एक तृतीयांश! शिकलेल्या मुलीने आईच्या हातातील डबी काढून घेतली, नव्या सुनेने सासूची सवय उचलली नाही, दात घासण्याला ब्रश घरात आला, अशा लहानलहान घटनांचीच ही बेरीज असणार. पंधरा ते चोवीस वयोगटातील एकूण तंबाखूसेवनही १८.४ टक्क्यांवरून १२.४ वर आले. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने दारूबरोबर खर्ऱ्याचा प्रश्नही गावसभांपुढे नेला आणि गावांनाच निर्णय घ्यायला लावला. जे काम आदेशाने होत नाही, त्याला गावाच्या लाजेचे आणि घरच्या शब्दाचे बळ लागते.

संक्रांतीचे हळदी-कुंकू, भजनी मंडळ, बचतगटाची मासिक बैठक, भिशी, आरतीला जमणारा महिलावर्ग अशी समाजाची स्वतःची व्यासपीठे गावोगावी उभी आहेत. तेथे विषमुक्त शेतीवर बोलले जाते, मोबाइलच्या व्यसनावर बोलले जाते. मशेरीवर बोलायला संकोच वाटतो, कारण समोर बसलेल्यांपैकी अर्ध्या जणींच्या घरी डबी आहे आणि कदाचित बोलणारीच्याही. हा संकोच मोडण्याचे काम आशा सेविकेवर एकटीवर टाकून चालणार नाही. गर्भवतीच्या नोंदणीच्या वेळी मशेरीचा प्रश्न नाव घेऊन, स्पष्ट विचारला जावा आणि तो सासूच्या उपस्थितीतच विचारला जावा, एवढी मागणी तरी जिल्हा परिषदांकडे महिला मंडळांनी करायला हरकत नसावी.

व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्राने १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक सुरू केला आहे. सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या प्रत्येक वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. तव्यावर भाजून जुन्या पावडरच्या डबीत भरलेल्या मशेरीला वेष्टन नसते.