नळदुर्ग: तटात घेतलेली नदी

सुट्टीतील सहकुटुंब सहलीसाठी धाराशिवकर बहुधा दूरच्या शहरांकडे वळतात आणि बोरी नदीला तटात सामावून घेणारा नळदुर्ग, सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत असूनही, धावत्या भेटीचाच धनी ठरतो. ही उपेक्षा आम्हाला खटकते, म्हणून हा अंक त्याला वाहिला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, नदीपात्रात उभारलेला दगडी बंधारा, त्याच्या पोटातील पाणीमहाल आणि नर-मादी या नावाने ओळखले जाणारे सांडवे, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटा, यांचा विचार येथे टंचाई सोसणाऱ्या प्रदेशाची जलविद्या म्हणून केला आहे. मुलांसह किल्ल्यातील उपळ्या बुरुजावर चढलेल्या वाचकांनी आपली निरीक्षणे आम्हाला अवश्य कळवावीत.