दुखणं सांध्यातच!

"तू नक्की करतेस काय गं?" हा आत्याचा प्रश्न दर दिवाळीला येतोच. तर आत्या, कारखान्यात आधीच ओतलेले खांब आणि तुळया जागेवर आणून जोडतात ना, त्यांचा जोड भूकंपात टिकेल का, हे मी कॉम्प्युटरवर मोडून बघते.

माणसाचं काय आणि प्रीकास्टचं काय, दुखणं सांध्यात. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात लेनिनाकानच्या नऊमजली प्रीकास्ट सांगाड्यांच्या इमारती कोसळल्या, आणि त्याच गावातल्या मोठ्या पॅनेलच्या इमारती उभ्या राहिल्या. दोन्ही प्रीकास्टच! त्यामुळे 'प्रीकास्ट नकोच' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

जोडात आधीच सळ्यांची इतकी दाटी की काँक्रीट आत शिरेना. म्हणून तिथे पोलादी तंतू मिसळतात. घनफळाच्या एक टक्का म्हटलं तरी घनमीटरला सुमारे ७८ किलो झाले! मातीच्या भिंतीसाठी चिखलात काड घालून तुडवायचे, तीच युक्ती. चीर पडायची ती पडतेच, पण तंतू टाके घातल्यासारखे तिला धरून ठेवतात.

आता माझी खरी तक्रार. हे तंतू ओतताना कुठल्या दिशेला वळले, हे मॉडेलला कोण सांगणार? आम्ही ते सगळीकडे सारखेच पसरलेत असं धरतो. मग चीर रुंदावताना ताण किती झपाट्याने उतरतो, सळई किती सरकते, असे पाच-सहा आकडे इकडे-तिकडे करत बसायचं, प्रयोगशाळेतल्या आलेखाशी आपला आलेख जुळेपर्यंत. आणि जुळला की लिहायचं, 'मॉडेल सिद्ध झालं'. याला मी उत्तर बघून गणित सोडवणं म्हणते. लाल-निळी चित्रं मात्र अशी देखणी येतात की विचारू नका.

नॉर्वेचा स्लाइप्नर ए हा तेल-वायू उत्पादनासाठीचा काँक्रीटचा प्रचंड तळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी बुडाला. तिथेही कॉम्प्युटरच होता. जाळी जाडीभरडी राहिली आणि भिंतींतला शिअर ४७ टक्के कमी दिसला. नशिबाने माणसं वाचली, पण नुकसान झालं सुमारे ७० कोटी डॉलरचं.

मॉडेल नको असं नाही हो. प्रत्येक जोड खरा बांधून तोडायला पैसे आणायचे कुठून? माझं म्हणणं एवढंच, की प्रयोगाच्या आदल्या दिवशी आपलं भाकीत लिहून पाकीट बंद करा. चीर कुठे, किती भाराला, ते सगळं. नंतर चुकलं तरी तसंच छापा. कुणी असं करत असेल तर मला जरूर कळवा.