खडकवासला ‘फुल्ल’! मग पुढे काय?

जुलै आला की एक रील तुमच्या फोनवर हमखास येतंच. धरणाचे दरवाजे उघडलेले, फेसाळणारं पाणी, मागे ट्रेंडिंग गाणं आणि वर ठळक अक्षरांत ‘खडकवासला १०० टक्के’. खाली पहिलीच कमेंट असते, ‘चला, वर्षभराचं टेन्शन गेलं.’

टेन्शन वगैरे काही गेलेलं नसतं. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या साखळीतल्या चार धरणांत खडकवासला सगळ्यात लहान आहे. वरसगावची क्षमता १२.८२ टीएमसी, पानशेतची १०.६५, टेमघरची ३.७१ आणि खडकवासल्याची फक्त १.९७. एकूण बेरीज २९च्या आसपास. म्हणजे ज्याच्या जिवावर आपण स्टेटस टाकतो, त्याचा वाटा जेमतेम सात टक्के! टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरणातून साडेअकरा हजार क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी गेला. वरून पाणी आलंच नाही, तर या वेगानं खडकवासला दोन दिवसांत रिकामं होईल.

मग बातमीत सारखं याचंच नाव का? कारण वरच्या तिन्ही धरणांचं पाणी शेवटी इथेच येतं आणि इथूनच शहराला, कालव्याला किंवा नदीला जातं. तीन मोठ्या टाक्या डोंगरात आणि तोटी इथे, असं समजा.

ही तोटी बसवली ब्रिटिशांनी, १८७०च्या दशकात. काम पाहिलं लष्करी इंजिनिअर फाइफ यांनी, म्हणून या जलाशयाला पूर्वी ‘लेक फाइफ’ म्हणत. पाणी हवं होतं पुणे आणि खडकीच्या छावण्यांना. आणि मुख्य म्हणजे, कालव्यातून पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या शेतीला. पुढे १९०३मध्ये आजच्या सीओईपीतून शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी स्वतः डिझाइन केलेले स्वयंचलित दरवाजे इथे बसवले. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. (इंजिनिअरिंगवाल्यांनो, कॉलर ताठ करायला हरकत नाही.) १२ जुलै १९६१ला बांधकाम सुरू असलेलं पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि पुणं बुडालं. नंतर धरण पुन्हा उभं राहिलं.

म्हणजे मूळ हिशेबात मोठा वाटा शेतीचा होता आणि शहर त्यामानानं चिमुकलं. आज उलटं झालंय. शहर वाढत गेलं, कालव्याच्या टोकाला असलेले दौंड आणि इंदापूरचे शेतकरी मात्र उन्हाळी आवर्तन कधी सुटणार याकडे डोळे लावून बसतात. दरवर्षी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत हाच वाद असतो. आपल्या पेपरात बातमी येते ‘पुण्यात पाणीकपात?’ अशी, दौंडमध्ये तीच बातमी ‘आवर्तन लांबणार?’ म्हणून वाचली जाते. बैठक एकच.

यावर एक तोडगा कागदावर आहे आणि तो वाईट नाही. शहरानं वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या, म्हणजे ‘बेबी’ कालव्यात सोडायचं. दरवर्षी साडेसहा टीएमसी द्यायचं ठरलं होतं. हे तीन खडकवासल्यांहून जास्त झालं! पण आपल्या वॉशिंग मशीनचं आणि हॉस्टेलच्या बाथरूमचं पाणी नीट शुद्ध न होता कुणाच्या उसाला जात असेल, तर त्याला ‘परतफेड’ म्हणायचं का, हे तुम्हीच सांगा.

उरला कालवा. तो उघडा आहे, शहरातून जातो, झिरपतो. सप्टेंबर २०१८मध्ये तो दांडेकर पुलाजवळ फुटला, वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, संसार वाहून गेले. तेव्हा खापर फुटलं ते घुशी आणि खेकड्यांवर. आता शहरातल्या कालव्याऐवजी खडकवासला ते फुरसुंगी बोगदा होणार आहे. गळती आणि बाष्पीभवन थांबून दोन टीएमसीच्या आसपास पाणी वाचेल, असं सांगितलं जातंय. म्हणजे एक अख्खं खडकवासला. ते दौंड-इंदापूरच्या शेतीला मिळणार की हिंजवडी-वाघोलीच्या नव्या टॉवर्सना, याचं उत्तर बोगदा खणून झाल्यावर नाही, आत्ताच लेखी मागायला हवं.