चाक निखळले, दोष नशिबाचा नव्हे!

२०२४ सालच्या पावसाळ्यात आमच्या घरची चारचाकी पुण्याच्या आळंदी रस्त्यावर मोडली. ससून रुग्णालयात आईच्या डोळ्यांची तपासणी करून धाकटा भाऊ तिला, भावजयीला आणि दोन मुलांना घेऊन येरवड्याहून विश्रांतवाडीकडे निघाला होता. फुलेनगरच्या जवळ पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात उजवीकडचे पुढचे चाक आपटले. खाडकन आवाज झाला, चाक बाहेरच्या अंगाला लोळले, गाडी त्या बाजूला बसली आणि स्टिअरिंग हातात असूनही नसल्यासारखे झाले. गाडी दुभाजकावर जाऊन आदळली. आईचे मनगट मोडले. बाकीचे खरचटण्यावर वाचले.

गर्दी जमली तेव्हा पहिला निकाल लागला तो असा, "ड्रायव्हरला चालवता येत नाही." दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या पाहुण्यांनी दुसरा निकाल दिला, "गाडी लाभली नाही." एका मावशीने तर गाडीला लिंबू-मिरची का बांधली नव्हती, असेही विचारले. ज्या घरात बुद्धवंदना होते, ज्या घराने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घरात बसून हा प्रश्न विचारला गेला. मावशीला आम्ही दोष देत नाही. पण अपघाताचे कारण शोधायचे सोडून त्याला 'योग' म्हणण्याची सवय आमच्यातून अजून गेलेली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

वास्तविक कारण शोधायला फारशी विद्वत्ता लागली नाही. वस्तीतल्या मिस्त्रींनी चाकाखाली वाकून पाहिले आणि दहा मिनिटांत सांगितले. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याच्या टोकाला वाटीत बसवलेली एक गोळी असते, तो बॉल जॉइंट. त्याच्यावर रबराची टोपी असते. ती टोपी फाटली की आत धूळ व पाणी शिरते, ग्रीस धुऊन जाते, गोळी झिजते, आणि एक दिवस खड्ड्याचा दणका बसला की गोळी वाटीतून बाहेर पडते. मग चाक कुणाचे ऐकत नाही. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. चालवणाराच्या हातात त्या क्षणी करण्यासारखे काहीही उरले नव्हते.

मग दोष कुणाचा? आम्ही प्रामाणिकपणे हिशेब मांडला. रस्त्यावरचा खड्डा हा एक दोष. आधीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी "आवाज येतोय, पण चालेल" असे सांगून गाडी परत देणाऱ्या गॅरेजवाल्याचा दुसरा. आणि तिसरा आमचा स्वतःचा. दोन महिने स्पीडब्रेकरवरून जाताना खटखट ऐकू येत होती, पुढचा एक टायर एकाच कडेने झिजत होता. पण मुलांच्या फीचा महिना होता, म्हणून ते काम पुढे ढकलले. या तीन दोषांत ग्रहाचा किंवा नजर लागल्याचा वाटा कुठेच नाही.

आता खरा पेच पुढे होता. गाडी दुरुस्त करायची की सोडून द्यायची? नऊ वर्षे जुनी ती गाडी वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढून सेकंडहँड घेतली होती. आमच्या गल्लीतली ती पहिली चारचाकी. एक जानेवारीला निळा झेंडा लावून ती पेरणे फाट्याच्या विजयस्तंभापर्यंत गेलेली. वडील म्हणाले, "काही झाले तरी गाडी विकायची नाही." कुणी सुचवले, जुन्याच आर्मला नवी गोळी ठोकून बसवा, वेल्डिंग मारा, जुन्या बाजारातून दरवाजा आणा, डेंटिंग-पेंटिंग करा, निम्म्यात काम होईल. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याला हा सल्ला गोड वाटतोच. आम्हालाही वाटला.

अशा वेळी आम्हाला चाळीसगाव आठवले. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सदस्य होते. दौऱ्यावरून परतताना २३ ऑक्टोबरला ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातील लोक त्यांना न्यायला स्टेशनवर आले होते, पण टांगा मिळायला फार उशीर झाला. टांगा निघाला तो वाटेत एका मोटारीवर आदळता आदळता राहिला. नदीच्या पुलावर वळताना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला. रोज त्याच पुलावरून टांगे सुखरूप जातात, मग आजच असे का झाले, असा प्रश्न बाबासाहेबांना पडला. त्यांनी चौकशी केली आणि खरे कारण बाहेर आले. अस्पृश्य प्रवाशाला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. बाबासाहेबांनी पायी यावे, हे आपल्या लोकांना सहन होत नव्हते. म्हणून तडजोड झाली. टांगा त्यांचा, हाकणारा आपला. आणि हाकणाऱ्याला टांगा हाकता येत नव्हता!

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यात त्यांनी जातीयतेला उघडे पाडले आहेच. पण आपल्या माणसांनाही त्यांनी सोडलेले नाही. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात त्याचा जीव सांभाळायचे राहून गेले, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे. आमच्या घरात नेमके हेच घडू पाहत होते. गल्लीत गाडी उभी दिसावी म्हणून आम्ही मोडका आर्म ठोकून त्याच गाडीत आईला आणि मुलांना बसवणार होतो. हा प्रसंग वडिलांनी स्वतः पुस्तक काढून पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विमा कंपनीला अर्ज लिहायला घेतला.

विम्याची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आपले बहुसंख्य लोक येथेच फसतात. आपल्यापैकी अनेकजण फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. कायद्याने तो सक्तीचा आहे, पण तो समोरच्याची भरपाई करतो, आपल्या गाडीची नाही. आमच्याकडे पॅकेज पॉलिसी होती. तरीही कंपनीकडून पहिले उत्तर आले ते असे की, भाग झिजून तुटला आहे, झीज विम्यात बसत नाही, सबब दावा नामंजूर. हे अर्धसत्य आहे. झिजलेला भाग बदलण्याचा खर्च कंपनी देत नाही, हे खरे. पण त्यानंतर गाडी दुभाजकावर आदळून जे नुकसान झाले, ते अपघाताचे नुकसान आहे. आम्ही हा फरक लेखी मांडला, सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागितली आणि विमा लोकपालांकडे जाण्याचा इरादा कळवला. मग फाईल हलली.

पॉलिसीवर गाडीची घोषित किंमत लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला तर गाडी पूर्ण नुकसान झालेली मानतात. आमची घोषित किंमत १ लाख ६० हजार रुपये होती, दुरुस्तीचा अंदाज १ लाख ३८ हजारांचा निघाला. मर्यादा १ लाख २० हजारांची. म्हणजे गाडी पूर्ण नुकसानीत गेली आणि ठरलेली वजावट होऊन रक्कम हाती आली. दुरुस्तीच करून घेतली असती, तर रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी, नऊ वर्षे जुन्या गाडीच्या लोखंडी भागांवर ४० टक्के घसारा-कपात झाली असती आणि तो खर्च आमच्याच खिशातून गेला असता.

दावा नाकारला गेला आणि आपल्या लेखी तक्रारीला कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही. तरीही आपली माणसे एजंटाच्या पाया पडतात. शिकलेल्या मुलांनी एक अर्ज नीट लिहिला तर ही लाचारी संपते.

आणखी एक धोका आहे. मोडकी गाडी भंगारवाल्याला रोखीने विकून लोक मोकळे होतात, नाव मात्र आरटीओच्या दप्तरात तसेच राहते. तीच गाडी किंवा तिची नंबर प्लेट पुढे कुठे वापरली गेली आणि कुणाचा जीव गेला, तर भरपाईची नोटीस दप्तरी नाव असलेल्या माणसाकडे येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केले आहे. म्हणून गाडी विकताना नावबदल करा, भंगारात देताना नोंदणी रद्द करून घ्या. आम्ही त्यासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओत तीन चकरा मारल्या, पण कागद हातात घेतल्याशिवाय थांबलो नाही. नंतर आम्ही दुसरी सेकंडहँड गाडी घेतली ती मिस्त्रींना सोबत नेऊन, गाडी जॅकवर चढवून, चारी चाके हलवून पाहूनच. रंग आणि सीट कव्हर सर्वांत शेवटी पाहिले.

राहिला प्रश्न खड्ड्याचा. आमच्या हिशेबात आम्ही आमचा दोष मान्य केला, गॅरेजवाल्याला जाब विचारला. रस्ता सांभाळणाराने मात्र आपला वाटा उचललेला नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याच्या बांधकामात वा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्याही पुढे पाऊल टाकले. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने ती ठरवायची आहे. हा आदेश माणसाच्या जिवासाठी आणि दुखापतीसाठी आहे, गाडीच्या पत्र्यासाठी नाही. पण चांगला रस्ता हा नागरिकाचा हक्क आहे, हे त्याने ठणकावून सांगितले.

हा हक्क कागदाशिवाय मिळत नाही. अपघात होताच जखमीला आधी दवाखान्यात न्या. पण मागे थांबलेल्याने खड्ड्याचा, चाकाचा, दुभाजकाचा फोटो घ्यावा. पोलिसांत नोंद करावी, रुग्णालयाच्या कागदावर अपघाताचे कारण लिहून घ्यावे, तुटलेला भाग गॅरेजमध्ये टाकून न देता जपून ठेवावा. आमच्या आईच्या रुग्णालयाच्या कागदावर केवळ 'पडून दुखापत' असे लिहिले गेले. त्या गडबडीत आम्ही ते वाचलेच नाही. दोन शब्दांत रस्त्याचा दोष पुसला गेला, आणि तो पुसू देणारे आम्हीच होतो.

आपल्या वस्त्यांमध्ये आज घरोघर गाड्या येत आहेत. ज्यांच्या पूर्वजांना टांग्यात बसू दिले जात नव्हते, त्यांच्या दारात मोटार उभी राहते, याचा आम्हाला अभिमान आहे. हा अभिमान लिंबू-मिरचीने टिकणार नाही आणि वेल्डिंगनेही टिकणार नाही. पावसाळा संपला की गाडी जॅकवर चढवा, चाके हलवून पाहा, रबराच्या टोप्या तपासा. या कामाला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागत नाही. आणि एवढे करूनही अपघात झालाच, तर नशिबाला बोल लावून बसू नका. चाळीसगावच्या पुलावर पाय मोडून पडलेल्या बाबासाहेबांनी जे विचारले, तेच विचारा. हे का झाले? आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.